थोरला बोर्ड, धाकटा बोर्ड

नवा कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हटलं की प्रोसेसर साधारण अर्ध्या तासात ठरतो. बजेट ठरलेलं असतं आणि त्या बजेटात दोन-तीनच बसतात. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. कॅबिनेट घरच्यांना विचारून घ्यावं, कारण रोज दिसतं ते तेवढंच :). गाडी अडते ती मदरबोर्डपाशी. एकाच कंपनीचे, एकाच सॉकेटचे, एकाच आकाराचे आणि जवळजवळ एकाच नावाचे दोन बोर्ड समोर येतात. किमतीत चार-पाच हजारांचा फरक असतो आणि तो नक्की कशाचा, हे विचारलं तर दुकानदार म्हणतो, "सर, हे वरचं मॉडेल आहे." झालं! एवढंच उत्तर.

मग आपण दोन्हींची माहिती शेजारी-शेजारी उघडून बसतो. रविवारच्या पुरवणीत लहान मुलांसाठी 'चित्रांतले सहा फरक ओळखा' असायचं ना, अगदी तसं. फरक सापडतातही. अडचण पुढे आहे. सहा फरकांपैकी आपल्या कामाचा कुठला, हे कोणी सांगत नाही. ते कोड्याच्या उत्तरात नसतं, ते आपल्या घरी असतं.

माझ्या मावसभावासाठी २०२५च्या पावसाळ्यात हे कोडं सोडवायचा योग आला. तो कराडला असतो आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. आधी दुसऱ्यांकडे कॅमेरा धरायचा, आता स्वतःचं काम घेतो. तीन कॅमेरे, दोन मदतनीस पोरं आणि घरातल्याच एका खोलीत एडिटिंग. आदल्या मोसमात त्याच्या जुन्या मशीनची हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत एका लग्नाचं अर्धं शूटिंग गेलं. दुसरी प्रत नव्हती. त्याने पार्टीला सगळे पैसे परत दिले, वर माफी मागितली. पण नवरीच्या आईला "पुन्हा एकदा कन्यादान करा, कॅमेरा लावतो" असं थोडंच सांगता येतं? गावात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. पुढच्या दोन सुपाऱ्या त्याच्या हातून गेल्या.

म्हणून नवं मशीन. पैसे निम्मे त्याने साठवलेले आणि निम्मे मावशीने बचत गटातून कर्जाऊ काढलेले. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढचा सगळा हिशोब या पैशांचा आहे. हौसेचं मशीन असतं तर मी म्हणालो असतो, घे बाबा आवडेल ते.

प्रोसेसर ठरला होता रायझन ७ ९७००एक्स. आठ कोअर, ६५ वॉटचा. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६०. त्याचं कारण कॅमेऱ्यात होतं. त्याचे कॅमेरे १० बिट ४:२:२ प्रकारचा व्हिडिओ घेतात. आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची एनव्हिडियाची कार्डं हा प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नव्हती, या मालिकेपासून उलगडतात. नाहीतर तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि टाइमलाइन अडखळत चालते. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

मग त्याने दोन मदरबोर्डांचे फोटो पाठवले. "दादा, यातला कुठला घेऊ? दुकानदार म्हणतोय मोठा घ्या, पुढची दहा वर्षं बघायला नको."

एक होता बी६५० चिपसेटचा, दुसरा बी८५०चा. कंपनी एकच, सॉकेट एएम५, आकार एटीएक्स, रॅमचे चार स्लॉट, अडीच गिगाबिटचं नेटवर्क, वायफाय. दुसरा साडेपाच हजारांनी महाग. त्यांची खरी नावं लांबलचक आहेत आणि त्यांत इंग्रजी मुळाक्षरं आणि आकडे यांची मिसळ आहे. आपण सोयीसाठी पहिल्याला धाकटा म्हणू आणि दुसऱ्याला थोरला.

आता गंमत बघा. बी६५० बाजारात आला ऑक्टोबर २०२२ मध्ये, बी८५० जानेवारी २०२५ मध्ये. आकडा दोनशेने वाढला. कोणालाही वाटेल की आत काहीतरी नवीन असणार. पण दोन्हींच्या पोटात चिप एकच आहे. तिचं सांकेतिक नाव प्रोमोन्टरी २१. एक्स६७० मध्ये याच दोन चिपा एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि बी६५० मध्ये एक. बी८५० मध्येही एकच. म्हणजे थोरला आणि धाकटा हे नुसते भाऊ नाहीत, जुळेच आहेत. थोरल्याला नवा सदरा घातलाय इतकंच.

मग एएमडीने नाव का बदललं? नव्या नावासोबत नियम बदलला. बी८५० म्हणवून घ्यायचं असेल तर बोर्डावर निदान एक एम.२ स्लॉट पीसीआयई ५.०चा असलाच पाहिजे. बी६५०मध्ये ते बोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर होतं. कोणी दिलं, कोणी नाही. ग्राफिक्सच्या स्लॉटला ५.० देणं मात्र बी८५०मध्येही ऐच्छिकच आहे. आणि जाता जाता, बी८४० या नावापासून जरा जपून. ते ८५०चं शेजारी वाटतं, पण तिथे प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही आणि चिपसेटकडून मिळणाऱ्या लेन पीसीआयई ३.०च्या असतात. शेजारी असून नात्यात नाही, असा प्रकार.

तर थोरल्याचं पहिलं भांडवल म्हणजे तो ५.०चा एम.२ स्लॉट. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच. त्यात बसणारी वेगवान एसएसडी सेकंदाला १४,००० मेगाबाइटच्या आसपास वाचू शकते. धाकट्याच्या ४.०च्या स्लॉटमधली चांगली एसएसडी ७,०००च्या आसपास. दुप्पट फरक! मावसभावाने हा आकडा पाठ केला होता.

मी त्याला विचारलं, "तुझा कॅमेरा सेकंदाला किती लिहितो?"

"दोनशे."

"दोनशे काय?"

इथे तो थांबला. ते दोनशे मेगाबिट होते. आठाने भागा, २५ मेगाबाइट. तीन कॅमेऱ्यांचं फुटेज टाइमलाइनवर एकावर एक ठेवून एकदम चालवलं तरी ७५ मेगाबाइट. त्याला ७५ हवेत, धाकटा ७,००० देतो आणि थोरला १४,००० देतो. घागरभर पाणी न्यायला एकाने टँकर आणलाय आणि दुसऱ्याने दोन टँकर आणलेत. यात दुसऱ्याला साडेपाच हजार जास्त का द्यायचे?

यावर तो म्हणाला, मग हार्ड डिस्कवरच एडिट करतो की, ती पण १५० देते. इथे सरळ भागाकार चालत नाही. हार्ड डिस्कचा तो वेग एकच फाइल ओळीने वाचताना मिळतो. तीन फायली एकदम वाचायच्या म्हटलं की तिचं डोकं इकडून तिकडे पळत राहतं आणि वेग कोसळतो. म्हणून एडिटिंगला एसएसडी हवीच. पण हवी ती एसएसडी, ५.०ची एसएसडी नव्हे.

मग कार्डवरून कॉपी करताना तरी फायदा? तोही नाही. त्याच्या यूएचएस-२ कार्डाची कागदावरची कमाल मर्यादाच ३१२ मेगाबाइट. घाट अरुंद असला की खाली कितीही पदरी रस्ता करा, गाड्या घाटाच्याच वेगाने येणार.

म्हणजे पहिला फरक खरा, पण आमच्या कामाचा नाही. दुसरा वायफायचा. थोरल्यावर वायफाय ७, धाकट्यावर ६ई. त्याच्या घरातला राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला, साधा, आणि मशीन राउटरपासून चार फुटांवर. तिथे वायर लावायची. तोही फरक संपला.

तिसरा फरक व्हीआरएमचा. म्हणजे एसएमपीएसकडून आलेला १२ व्होल्टचा वीजपुरवठा प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-दीड व्होल्टच्या आतबाहेर आणणारं सर्किट. थोरल्यावर त्याचे फेज जास्त आणि वर मोठे चकचकीत हीटसिंक. हा फरक मी सहसा हलक्यात घेत नाही, कारण तासन्तास रेंडरिंग चालणार असेल तर हे सर्किट तापतं. पण आकडे बघा. एएम५वर १७० वॉटचा प्रोसेसर प्रत्यक्षात २३० वॉटपर्यंत ओढू शकतो. ९७००एक्स मूळ सेटिंगमध्ये ८८ वॉटपर्यंत. धाकट्याचं सर्किट मोठ्या प्रोसेसरच्या हिशोबाने बनवलेलं आहे, तिथे ८८ वॉट म्हणजे त्याला विश्रांतीच. सोळा कोअरचा प्रोसेसर घ्यायचा असता तर मी इथे थांबून वेगळा विचार केला असता.

इथपर्यंत धाकटा नुसता चालण्यासारखा होता. तो बरा आहे असं वाटायला लागलं ते मॅन्युअल उघडल्यावर.

माझी एक सवय आहे. कुठलाही बोर्ड घेण्याआधी कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवून घ्यायचं आणि स्टोरेजचं पान काढायचं. जाहिरातीत नसतं ते तिथे असतं, बारीक अक्षरात आणि तक्त्याखाली तारा मारून. थोरल्याच्या खोक्यावर होतं: तीन एम.२, चार साटा. धाकट्याच्या: दोन एम.२, चार साटा. साहजिकच थोरला जास्त देतो. पण थोरल्याच्या मॅन्युअलमध्ये तक्त्याखाली एक ओळ होती, की तिसऱ्या एम.२मध्ये एसएसडी बसवली तर साटाची तीन आणि चार नंबरची पोर्टं बंद होतील.

हे काही फसवणूक म्हणून नाही. यामागे साधा हिशोब आहे. रायझन ९०००च्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून पीसीआयईच्या २८ लेन निघतात. त्यातल्या १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एम.२ला, ४ इतर वापराला आणि ४ चिपसेटशी बोलायला. मग चिपसेट त्याच्या पलीकडे पीसीआयई ४.०च्या आठ लेन देतो, आणि आणखी चार अशा की ज्या पीसीआयई ३.० म्हणून वापरा नाहीतर साटा म्हणून वापरा. नेटवर्क, वायफाय, खालचे जादाचे स्लॉट सगळे याच ताटातलं जेवणार. चिप दोन्ही बोर्डांत एकच, म्हणजे ताटही तेवढंच. थोरल्याने पंगतीला पान एक जास्त मांडलं, पण वाढायला स्वयंपाक तेवढाच. मग कोणाला तरी उठावं लागतं.

शिवाय या सगळ्या मंडळींना प्रोसेसरकडे जायला वाट एकच, ४.०च्या चार लेन. म्हणजे सेकंदाला साधारण ८ गिगाबाइट. बोर्डावर स्लॉट कितीही असोत, चिपसेटमागचे सगळे मिळून ती एकच वाट वापरतात.

आता मावसभावाला काय काय लावायचं होतं ते लिहून काढलं. एक एसएसडी विंडोज आणि सॉफ्टवेअरला. दुसरी एसएसडी चालू कामाच्या फुटेजला. मग संपलेल्या कामासाठी दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. आणि जुन्या मशीनमधली साटा एसएसडी, टाकून का द्यायची? बेरीज करा. एम.२ दोन, साटा तीन. धाकट्यावर हे सगळं बसतं आणि साटाचं एक पोर्ट उरतं. थोरल्यावरही बसतं, पण तिसरी एम.२ रिकामी ठेवली तरच. म्हणजे ज्या जास्तीच्या स्लॉटसाठी पैसे द्यायचे, तोच वापरायचा नाही! कारण ज्या दिवशी तो वापरेल त्या दिवशी बॅकअपची डिस्क दिसेनाशी होईल. आणि या मशीनचा जन्मच मुळी बॅकअप नव्हता म्हणून झालेला.

रॅमबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण इथे दोन्ही बोर्ड सारखे असले तरी घेणारा गोंधळतो. चार स्लॉट आहेत, आत्ता १६-१६च्या दोन कांड्या घेऊ आणि पुढच्या वर्षी अजून दोन टाकू, हा विचार डीडीआर४पर्यंत ठीक होता. डीडीआर५वर तो महागात पडतो. रायझन ९०००ला दोन कांड्यांवर एएमडीने अधिकृत वेग दिलाय ५६००. चारही स्लॉट भरले की अधिकृत वेग येतो ३६००वर. जास्त वेगाने चालतातही काही वेळा, पण त्याची हमी कोणी देत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ३२-३२च्या दोन कांड्या घ्यायला सांगितल्या. (२०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जे भडकले ते बघता, पावसाळ्यात घेऊन टाकली तेच बरं झालं. त्यात हुशारी कोणाचीच नाही, लग्नाचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो इतकंच.)

एवढं सगळं ऐकून मावसभाऊ म्हणाला, "दादा, मान्य. पण पुढचं काय? पुढे नवा प्रोसेसर आला आणि याच्यावर चालला नाही तर?"

प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर म्हणून मी एका जुन्या जोडीची गोष्ट सांगितली. ही जोडी एएम४च्या काळातली आहे आणि 'सारखे दिसणारे दोन बोर्ड' या विषयावर याहून चांगला धडा नाही.

२०१८ मध्ये एमएसआयचा बी४५० टॉमाहॉक नावाचा बोर्ड आला. चांगला होता, खूप खपला. २०१९ मध्ये, रायझन ३००० मालिकेच्या सुमारास, त्याच कंपनीने आणला बी४५० टॉमाहॉक मॅक्स. चिपसेट तोच, बांधणी जवळपास तीच. मोठा फरक एका चिमुकल्या चिपेत होता, जिच्यात बायॉस साठवलेला असतो. जुन्यात ती १६ मेगाबाइटची होती, मॅक्समध्ये ३२ची. मेगाबाइट बरं का, गिगाबाइट नव्हे! एका गाण्याची फाइल ४-५ मेगाबाइटची असते. तर अशा तीन-चार गाण्यांएवढ्या जागेवरून पुढे रामायण झालं.

एएम४ सॉकेटवर इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर आले की सगळ्यांना ओळखणारा कोड १६ मेगाबाइटमध्ये मावेना. जुन्या बोर्डांसाठी एमएसआयला नव्या बायॉसमधून काही गोष्टी काढाव्या लागल्या. रंगीत मेनू जाऊन साधा मेनू आला, रेड गेलं, काही जुन्या प्रोसेसरांचा पाठिंबा गेला. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं की पुढची झेन ३ पिढी ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणारच नाही, आणि कारणांमध्ये हीच बायॉसच्या जागेची अडचण दिली. लोक भडकले. मग दोनच आठवड्यांत कंपनीने निर्णय फिरवला आणि बी४५० व एक्स४७०ला वाट मोकळी केली. २०२२ मध्ये तर अगदी ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ती मिळाली. म्हणजे २०१७ साली घेतलेल्या बोर्डावर २०२२चा ५८००एक्स३डी बसवता आला.

या गोष्टीतून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, बोर्डाचं आयुष्य खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांवर ठरत नाही. ते सॉकेट किती वर्षं चालतं आणि कंपनी बायॉस किती वर्षं देते यावर ठरतं. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही पाठिंबा देऊ असं एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केलंय. थोरला आणि धाकटा, दोघांचं सॉकेट तेच, चिपही तीच, मग या बाबतीत थोरला जास्त जगेल असं मानायला कारण नाही. दुसरी, कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाचं बायॉसचं पान उघडायचं आणि तारखा वाचायच्या. धाकटा आधी आलेला, त्याच्या पानावर अपडेटांची मोठी रांग होती आणि शेवटचं अपडेट ताजं होतं. हे मला 'फ्यूचर प्रूफ' या शब्दापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. हे अपडेट नुसते नव्या प्रोसेसरसाठी नसतात. एप्रिल २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा एसओसीच्या व्होल्टेजला १.३ची मर्यादा घातली गेली ती बायॉसमधूनच.

म्हणजे स्वस्त तेच घ्यावं असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. यादीत तिसराही एक बोर्ड होता, धाकट्याहून दोन हजारांनी स्वस्त. तो मी लगेच बाद केला. त्याला मागे बायॉस फ्लॅश करायचं बटण नव्हतं आणि काय बिघडलंय ते सांगणारे चार छोटे दिवेही नव्हते. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतात. पुण्यात घरी बसून मी स्वतःच्या मशीनसाठी त्यांच्यावाचून भागवलं असतं. पण मी पुण्यात आणि मशीन कराडात. रात्री अकराला फोन येणार, "दादा, चालूच होत नाही." तेव्हा "कुठला दिवा लागलाय?" असं विचारता आलं पाहिजे. त्या चार दिव्यांची किंमत माझ्या लेखी पीसीआयई ५.०पेक्षा जास्त.

आणि ती पहिल्याच दिवशी वसूल झाली. मशीन त्याने स्वतः जोडलं, मी व्हिडिओ कॉलवर. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. मागून मावशी विचारतेय, "काय रे, बिघडलं का नवंकोरं?" बचत गटाचे पैसे होते, तिचा जीव वरखाली होणारच. मी विचारलं, दिवा कुठला? म्हणाला, डीरॅमचा. म्हटलं मग हात लावू नकोस, चहा पी. एएम५वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळवणी करत बसतो आणि जास्त रॅम असेल तर त्याला काही मिनिटं लागतात. बरेच जण या काळ्या स्क्रीनला घाबरून बटण दाबून बंद करतात आणि बोर्ड दुकानात परत नेतात. चहा संपायच्या आत स्क्रीन उजळला.

थोरल्यावर अन्याय नको. ज्याला रोज कित्येक गिगाबाइटच्या फायली एका एसएसडीवरून दुसरीवर हलवायच्या आहेत, ज्याच्याकडे वायफाय ७चा राउटर आहे, ज्याला तीन एम.२ हव्यात आणि साटा नकोच आहे, त्याने थोरलाच घ्यावा, सुखाने घ्यावा. आरटीएक्स ५०६० ग्राफिक्सच्या आठच लेन वापरतं, तेव्हा ज्या बोर्डाने त्या स्लॉटला ५.० दिलंय तिथे त्याला थोडी मोकळीकही मिळते. आमच्या दोघांपैकी कोणीच ती दिलेली नव्हती, म्हणून तो मुद्दा आला नाही.

राहिले साडेपाच हजार. त्यांचा एक यूपीएस आला, ११०० व्हीएचा, म्हणजे ६६० वॉटचा. प्रोसेसरचे ८८, ग्राफिक्सचे १४५, बाकी डिस्क-पंखे-स्क्रीन धरून तीनशेच्या आसपास. लाइट गेली तर काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पुरेसा. कराडला पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज जाणं म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. यूपीएस घेताना दुकानदाराशी त्याने घासाघीस केली ती वेगळीच.

दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नाचं तिन्ही कॅमेऱ्यांचं मिळून दहा तासांचं शूटिंग झालं. तासाला ९० गिगाबाइट, म्हणजे नऊशे गिगाबाइट. रात्री दोन वाजता घरी आल्यावर त्याने आधी ते दोन्ही हार्ड डिस्कवर उतरवलं, मग जेवला. सकाळी मला मेसेज आला, दोन फोल्डरांचे फोटो शेजारी-शेजारी. नाव तेच, आकार तोच, फायलींची संख्या तीच. या दोन चित्रांत एकही फरक सापडला नाही.